मागच्या भिंतीची माती

शमिका माती खायची. वाडीत हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि होऊ नये म्हणून तिच्या आईचा, योगिनीचा, अर्धा जीव रोज खर्ची पडत होता. पोरगी पुढल्या अंगणात, खळ्यात, बसली की योगिनी भाकरी थापता थापता दारातून डोकावायची. पोरगी मागल्या दारी गेली की हिच्या हातातलं काम सुटायचं. चौथीतली पोर, कडेवर घेऊन फिरण्यातली नव्हती. रांगत्या मुलानं माती खाल्ली तर लोक हसतात, आईला हाक मारून दाखवतात. एवढ्या थोराड पोरीनं खाल्ली तर लोक तिच्या घराकडं बघतात आणि म्हणतात, ह्या घरात पोरीला पोटाला घालत नाहीत वाटतं.

घर तर चांगलं खातंपितं होतं. कणगीत पुढच्या दिवाळीपर्यंतचं भात होतं. नवरा अनिल मुंबईला एका गोदामात पॅकिंगच्या कामाला होता आणि गणपती, शिमगा, मे महिना चुकवत नव्हता. सासू जाईबाई आल्यागेल्याला पेज तरी पाजल्याशिवाय सोडत नसे, आणि पाजली की चार घरी सांगितल्याशिवाय राहत नसे. माझ्या दारातून कोणी उपाशी गेला नाही, हे तिचं वाक्य वाडीतल्या कुत्र्यामांजरांनाही पाठ झालं होतं. त्या घरातल्या नातीनं भिंत खरवडून खावी, हे सांगायचं कसल्या तोंडानं?

शिमगा होऊन गेल्यावर एके सकाळी शाळेत परिपाठाला उभी असताना शमिका ओळीतच खाली बसली. बसली ती आडवीच झाली. मुलींनी तोंडावर पाणी मारलं. संध्याकाळी संदेश गुरुजी स्वतः घरी आले. चहा घेता घेता ते शमिकाकडं बघत होते, आणि योगिनी गुरुजींच्या नजरेकडं बघत होती. गुरुजी म्हणाले, पाचवीची शाळा घाटीच्या वर, पलीकडच्या गावात. रोज ती घाटी चढायची म्हणजे अंगात रक्त हवं. सुट्टीत डॉक्टरला दाखवा, तब्येत सुधारा, मग खुशाल पाठवा.

गुरुजी उंबऱ्याबाहेर पडतात न पडतात तोच जाईबाईनं निकाल देऊन टाकला.

"एक वरीस ऱ्हाऊंदे घरी. शेळ्यांमागं फिरंल, आंगाला वारा लागंल. शाळा काय पळून जाते?"

शाळा पळून जात नाही हे खरं, पण पोरी शाळेतून सुटतात. एक वर्ष म्हणून घरी राहिलेली पोर परत बाकावर बसलेली योगिनीनं बघितली नव्हती. ती स्वतःसुद्धा सातवीनंतर एका वर्षासाठीच राहिली होती. तिनं गुरुजींची कपबशी उचलून विसळली. पण शमिकाला जूनमध्ये त्या घाटीवर चढवायची, हे तिनं मनाशी धरलं आणि सुट्टी लागताच तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेली.

केंद्राच्या व्हरांड्यात बाकावर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. डॉक्टरीणबाईंच्या खोलीला दार होतं, पण ते उघडंच असायचं, आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येत असल्यामुळं बाकावर वेळ चांगला जायचा. डॉक्टरीणबाईंनी शमिकाची खालची पापणी ओढून बघितली, नखं दाबून बघितली. नर्सनं बोटाला सुई टोचली. शमिका हूं का चूं करत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त सातावर आलंय, बारापर्यंत पाहिजे. मग त्यांनी विचारलं, "माती, खडू, राख, असलं काही खाते का ही?"

बाहेरचं बोलणं थांबलं. कदाचित थांबलंही नसेल, पण योगिनीला तसं वाटलं.

"नाय," ती म्हणाली. "छे. जेवन चांगलं हाय तिचं."

शमिकानं मान वर करून आईकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंनी तिलाही विचारलं, तर तिनंही तशीच मान हलवली. जंताची गोळी तिथंच चावायला दिली. रोज घ्यायच्या गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या आणि बजावून सांगितलं, चहाबरोबर देऊ नका, लिंबू नाहीतर आवळा द्या, शाळा सुरू व्हायच्या आत परत दाखवायला आणा. परतताना योगिनीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरीला आपण खोटं बोलायला शिकवलं, तेही डॉक्टरसमोर, ही गोष्ट घर येईपर्यंत तिच्या मागे मागे आली.

गोळ्या मात्र तिनं कधी चुकवल्या नाहीत. सकाळी चहा बंद, आधी पेज, मग लिंबाची फोड, मग गोळी. जाईबाई कुरकुरली, चहाशिवाय पोरीची सकाळ कशी व्हायची. पण योगिनीनं ऐकलं नाही. तिला वाटलं होतं, गोळ्या पोटात गेल्या की मातीची वासना आपोआप जाईल आणि कुणाला काही सांगायची पाळीच येणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मे महिन्यात अनिल आला. येताना टॉनिकची बाटली आणि शक्तीच्या पावडरीचा डबा घेऊन आला, आणि तो डबा खळ्यातून आत नेताना शेजारच्या केरूतात्यांनी विचारावं एवढा वेळ दारात थांबला. तो माणूस चांगला. पोरीला जवळ घेऊन दंड चाचपून बघायचा, म्हणायचा, बघ आता कशी पैलवान होते. पण त्याच्या सुट्टीचे दिवस मोजके आणि पावसाआधीची कामं डोक्यावर. कौलं चाळायची, लाकडं फोडून पडवीत रचायची, गोठ्यावरची नारळाची झापं बदलायची. आणि भिंती. घराची पुढची बाजू चिऱ्याची होती, पण मागची भिंत सासऱ्याच्या वेळची, मातीचीच. दर वर्षी मे महिन्यात तिला नवीन माती चढवायची, नाहीतर पावसाच्या झडीनं ती सोलून निघायची.

अनिल आणि योगिनीनं घाटीखालच्या दरडीतून तांबडी माती आणली. तो खणायचा, ती घमेल्यानं वाहायची. ऊन असं की डोक्यावरच्या चुंबळीतून घाम ओघळून डोळ्यांत जायचा. खेपेमागून खेप टाकून मागल्या दारी ढीग झाला. खडे वेचून, चाळून, संध्याकाळी त्याच्यावर पाणी मारलं तेव्हा वास सुटला.

त्या वासानं योगिनीच्या तोंडाला पाणी सुटलं. ती उठून आत गेली आणि कारण नसताना भांडी घासत बसली.

शमिका आत गेली नाही. सकाळी योगिनी मागल्या दारी आली तर पोरगी ढिगाच्या आडोशाला उकिडवी बसलेली, आणि तिचे ओठ तांबडे. योगिनीनं तिला दंडाला धरून उठवलं आणि पाठीत धपाटे घातले. एक, दोन, मग हात थांबेना. ओरडता येत नव्हतं, कारण पुढल्या खळ्यात अनिल केरूतात्यांशी बोलत होता. तोंडातून शब्द न काढता ती मारत होती आणि शमिकाही आवाज न करता मार खात होती. दोघींनाही ते जमत होतं, याची लाज योगिनीला मारता मारताच वाटली, तरी हात थांबायला वेळ लागला.

मग तिला ती युक्ती सुचली. माणसाची अक्कल लाजेपोटी किती चालते बघा. भिंतीला माती चढवायच्या दिवशी सासू कोकमं फोडायला बसली होती, अनिल कौलांवर होता. योगिनीनं शेणामातीचा काला केला आणि त्यात डब्यातली तिखट मिरचीपूड ओतली. एक मूठ, आणखी एक मूठ. हातांनी कालवताना बोटांच्या चिरा झोंबून आल्या. मागच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत, पोरीचा हात पोचेल एवढ्या उंचीपर्यंत, तिनं तोच लेप दिला. वरती साधी माती. गुडघे टेकून, खांदे भरून येईस्तोवर हात फिरवला. संध्याकाळी अनिल बघून म्हणाला, यंदा भिंत चांगली झाली. रात्रीच्या आमटीला मिरची कमी पडली तेव्हा जाईबाईनं विचारलं, डबा एवढा कसा उतरला? योगिनीनं सांगितलं, दमट झाली होती, टाकली. मिरची टाकतेस, माझ्या घरातली, एवढं म्हणून सासू दोन दिवस ते घोकत राहिली.

युक्ती लागू पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी शमिका डोळे पुसत मागून आली आणि गडूभर पाणी प्यायली. काय झालं, असं योगिनीनं विचारलं नाही. पोरीनंही सांगितलं नाही. कोयत्याला धार लावत बसलेल्या अनिलनं, ह्या पोरीचे डोळे लाल का, असं विचारलं तेव्हा योगिनी म्हणाली, उन्हात फिरते.

आता जे सांगायचं ते योगिनीनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. शमिका पोटात असताना तिला मातीचे डोहाळे लागले होते. तेव्हा जाईबाईनंच हसून चुलीचा भाजका तुकडा काढून दिला होता. बाळंतीण होऊन उठल्यावर हे जातं, असं सगळ्या म्हणाल्या. योगिनीचं गेलं नाही. चूल लिंपायच्या निमित्तानं, कधी गोठ्यात, कधी पाणी तापवताना, एक चिमूट. दाताखाली ती कच आली की डोक्यातला गलका थांबायचा. जिना चढल्यासारखी छाती धपापायची, हातापायांत गोळे यायचे, ते सगळं बाईच्या जातीला असतंच असं ती धरून चालली होती. घरोघरी मातीच्या चुली, पण चूल खाणारी आपण एकटीच, असं तिला वाटायचं. आणि पोरीला मारताना तिला ह्याची आठवण व्हायची नाही असं नाही. व्हायची, म्हणून तर हात थांबत नव्हता.

लाकडं आणायचे दिवस होते. एका दुपारी योगिनी रानातून मोळी घेऊन आली, ती पडवीत टाकली, तर डोळ्यांपुढं काजवे. अनिल माजघरात आडवा झालेला. चुलीपुढं सासू आमसुलांची परात घेऊन बसलेली, म्हणजे तिथं जायची सोय नाही. योगिनी मागल्या दारी गेली, सावलीत टेकली, आणि तिचा हात सवयीनं भिंतीकडं गेला. वाळलेला पोपडा नखानं निघाला. तो तिनं तोंडात टाकला.

मिरची चढायला क्षण लागला. आधी घसा, मग नाक, मग डोळे. ती थुंकली, पदर तोंडाशी धरला, खोकला दाबायला बघत होती आणि तो दबत नव्हता. सासूनं आतून विचारलं, काय झालं गो? काय नाय, ठसका लागला, असं म्हणायलाही आवाज फुटेना.

कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं. शमिका. तिच्या एका हातात गुळाचा खडा होता, दुसऱ्या हातात गडू. तिनं आधी गूळ दिला.

"आये, तितली खाव नको," ती हळूच म्हणाली. "तितं मिरची हाय. पडवीच्या कोपऱ्यातली घे, तितं नाय."

योगिनीनं गूळ तोंडात धरला आणि पोरीकडं बघत राहिली. पोरीच्या तोंडावर राग नव्हता, चेष्टा नव्हती. भाकरी कुठं झाकून ठेवलीय हे सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

"तुला कवापासून म्हाईत?"

शमिकानं खांदे उडवले. हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असा काळच तिला आठवत नसावा.

"मी कुनाला सांगलं नाय," ती म्हणाली. "डॉक्टरबायना पन नाय."

योगिनीला आतापर्यंत वाटत होतं, केंद्रात पोरगी खोटं बोलली ती आपल्या धाकानं. ती आपल्याला राखत होती. पाठीत धपाटे खाऊनही राखत होती, आणि मिरची कुणी घातली तेही तिला ठाऊक होतं. योगिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला पोरीला जवळ घ्यायचं होतं, पण हात मातीनं आणि तिखटानं भरलेले होते, म्हणून ती नुसती बसून राहिली. शमिकानं गडूतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं.

त्यानंतर शहाण्यासारखं काही घडलं असेल असं वाटेल, पण तसं घडलं नाही. लाज माणसाला शहाणं करते हे पुस्तकात. योगिनीनं पोरीला सांगितलं, दोघी पण नाय खायची हां, आणि पोरगी हो म्हणाली. चार दिवस दोघींनी पाळलं. मग एकदा एकीनं पाळलं नाही, मग दुसरीनं, आणि दोघी एकमेकींकडं बघायचं टाळू लागल्या.

शाळा आठवड्यावर आली तेव्हा परत केंद्रात जायचं निघालं. अनिलनं मुंबईला फोन करून सुट्टी वाढवून घेतली. मीच येतो, म्हणाला, बघू तरी गोळ्यांनी काय फरक पडला. जाईबाईलाही गुडघ्याची गोळी हवी होती. अशी सगळी वरात निघाली. बाकावर वाडीतल्या तिघी-चौघी होत्याच, शेजारची तेजस्वी तिच्या मुलाला घेऊन बसली होती. नव्या शाळेसाठी सगळ्यांच्याच पोरांची तपासणी होती.

नर्सनं शमिकाचं बोट टोचलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, परत टोचायला लावलं, परत बघितलं. रक्त होतं तिथंच होतं.

"गोळ्या रोज देत होतात ना?"

"देत व्हते," योगिनी म्हणाली.

"रोज दिल्या असत्या तर एवढ्यात थोडं तरी वाढायला हवं होतं."

अनिलनं बायकोकडं बघितलं. जाईबाईला तर हेच हवं होतं. ती म्हणाली, हिचं असंच. मिरची दमट झाली म्हणून टाकते, गोळ्या पण टाकल्या असतील कुठं, काय सांगावं. तिचं ध्यान घरात असतंय कुठं? बाहेर बाकावर कुणीतरी च् च् केलं. अनिल दबक्या आवाजात म्हणाला, एवढी एक गोष्ट सांगितली होती तुला. योगिनी खाली बघत उभी राहिली. आळशी, निष्काळजी, पोरीच्या गोळ्या फेकणारी आई. तिनं ते सगळं अंगावर घेतलं आणि तिला, खरं सांगायचं तर, त्यात जरा आडोसा मिळाला. दुसरं कळण्यापेक्षा हे बरं, असं तिच्या मनात आलं.

डॉक्टरीणबाई कुणावर न रागावता म्हणाल्या, मग आता हिला रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात न्यायला लागेल. शिरेतून औषध देतील, तपासण्या करतील, कारण शोधतील. ह्या अवस्थेत घाटी चढायची नाही. शाळा सध्या नको.

"तरी मी म्हनत व्हते," जाईबाई म्हणाली. "एक वरीस घरी."

डॉक्टरीणबाईंनी शमिकाला जवळ ओढलं. "तू सांग बाळ. माती खातेस का? खरं सांग, कोणी ओरडणार नाही."

"नाय," शमिका म्हणाली.

थेट डोळ्यांत बघून म्हणाली. गेल्या वेळी ती आईकडं बघून बोलली होती, आता तिला बघायला लागलं नाही. आवाज असा साफ की कुणालाही पटावं. योगिनीनं तो आवाज ओळखला. तो तिचाच होता, सासूला मिरचीबद्दल सांगतानाचा, नवऱ्याला पोरीच्या डोळ्यांबद्दल सांगतानाचा. आता ही पोर शाळेला मुकेल, शेळ्यांमागं फिरेल, आणि कोणत्याही डॉक्टरनं कधीही विचारलं तरी असंच सांगेल, आईसाठी.

"खाते ती," योगिनी म्हणाली.

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तिनं टेबलाची कड धरली.

"खाते ती माती. भिंतीची. मी पन खाते. ती पोटात व्हती तवापासून. माजं बघूनच लागली ती."

 बाहेर बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि कुणीतरी तिला गप्प केलं. अनिल खोलीतून बाहेर पडला आणि पायऱ्यांवर जाऊन पाठ करून उभा राहिला. जाईबाईचं तोंड उघडं राहिलं होतं. शमिका आईकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच राग होता, एवढं जपून ठेवलेलं कुणी फोडलं की येतो तो.

डॉक्टरीणबाईंनी नर्सला खूण केली. "ह्यांचं पण बोट घ्या."

योगिनीचं रक्त पोरीहूनही कमी निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त कमी झालं की माती खावीशी वाटते, आणि माती खाल्ली की गोळीचा गुण अंगी लागत नाही. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. ते म्हणणं त्यांना सोपं होतं. त्यांना त्या बाकावरून उठून वाडीत जायचं नव्हतं. पण रत्नागिरी त्यांनी तूर्त मागं ठेवलं. दोघींना गोळ्या दिल्या, परत एकदा जंताचं औषध दिलं. म्हणाल्या, कारण सापडलं तर उपाय आहे. पोरगी शाळेत जाऊ दे, पण दप्तर तिनं उचलायचं नाही, बसत बसत चढायचं, आणि पंधरा दिवसांनी दोघींनी यायचं. वासना होईल, एकमेकींवर लक्ष ठेवा.

 घरी उंबऱ्यावर पाय ठेवल्यावर जाईबाई बोलली, आणि ती जे बोलली तेच योगिनी इतकी वर्षं कानांत ऐकत आली होती.

"आमच्या घरात तुला खायाला कमी हाय काय गो?"

ती रागानं म्हणाली नाही. म्हणताना तिचा आवाज फुटला आणि ती पदर डोळ्यांना लावून चुलीपुढं बसली. योगिनीला तिच्याजवळ जाऊन सांगावंसं वाटलं, की आत्या, तुमच्या घरात काही कमी नाही. पण ती सांगायला गेली असती तर सासूनं विचारलं असतं, मग का? 

अनिलनं जायच्या आदल्या दिवशी दोन पोती सिमेंट आणलं आणि मागच्या भिंतीला, दारापासून कोपऱ्यापर्यंत, गिलावा केला. बायकोला हात लावू दिला नाही. त्याला गवंडीकाम येत नव्हतं. थापी चालत होती वाकडीतिकडी, गिलावा कुठं जाड कुठं पातळ, आणि मातीच्या भिंतीवर तो राखाडी डाग पाणंदीतून येणाऱ्याजाणाऱ्याला लांबूनच दिसायचा. हे काय केलंस, असं केरूतात्यांनी विचारलं. अनिल म्हणाला, झडीचं पाणी आत येतं. केरूतात्या हसले नाहीत, हो म्हणाले, आणि त्यावरून अनिलला कळलं की वाडीला सगळं ठाऊक झालंय. दुसऱ्या दिवशी तो तसाच गाडीला गेला. जाताना पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि योगिनीला एवढंच म्हणाला, "गोळ्या घे."

शाळा उघडली त्या सकाळी आभाळ भरून होतं. योगिनीनं दप्तर आपल्या खांद्याला लावलं, छत्री घेतली, आणि दोघी घाटीला लागल्या. बाकीची पोरं पुढं पळाली. पळता पळता कुणी तरी मातीखाऊ असं म्हणालं, मग दोघातिघांनी ते लांब सूर काढून म्हटलं. शमिका खाली बघून चालत राहिली. ती आईशी त्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होती.

पहिल्या वळणावर पोरगी धापा टाकत दगडावर बसली. योगिनीही टेकली. तिची स्वतःची छाती भात्यासारखी चालली होती. पाठीला दरड होती, ओलसर, लालभडक, जिथून त्यांनी माती नेली होती तीच. दोन दिवस तिनं चिमूटही घेतली नव्हती. डोकं दुखत होतं, दात शिवशिवत होते. शमिका पुढं गेलेल्या पोरांकडं बघत होती. योगिनीचा हात मागं गेला. एवढासा खडा. तिनं तो गालात धरला, चावलाही नाही, आणि उठून म्हणाली, चल.

शाळेच्या फाटकाशी आया उभ्या होत्या, तेजस्वी होती, पलीकडच्या गावच्याही काही होत्या. नव्या पोरांचे गणवेश ठीक करणं चाललं होतं. योगिनीनं दप्तर पोरीच्या खांद्यावर चढवलं. शमिका हललीच नाही. ती आईच्या तोंडाकडं बघत होती.

"जीभ दाखव," ती म्हणाली.

"काय गो?"

"डॉक्टरबायनी सांगलंय, एकमेकींवर ध्यान ठेवा. मी दाखवते, तू पन दाखव."

आणि तिनं आपली जीभ बाहेर काढली. फिकी, स्वच्छ होती. आजूबाजूचं बोलणं थांबलं. ह्या वेळी ते खरंच थांबलं होतं. योगिनीला वाटलं, म्हणावं, घरी बघू. वाटलं, खडा गिळून टाकावा, आणि तिनं तसं केलंही असतं, पण समोर पोरगी जीभ काढून उभी होती आणि तिच्यामागं शाळेचं दार उघडं होतं.

तिनं तोंड उघडलं.

शमिकानं वाकून आत बघितलं. मग ती दप्तरातून पाण्याची बाटली काढून आईपुढं धरून उभी राहिली. योगिनीनं सगळ्यांसमोर, फाटकाच्या कडेला वाकून चूळ भरली. पाणी लाल पडलं. आत घंटा वाजली, पोरं धावली, पण शमिकानं बाटली परत घेतली नाही.

"आजून एकदा," ती म्हणाली.

योगिनीनं पुन्हा चूळ भरली. पाणी स्वच्छ पडल्यावरच शमिका आत गेली.